टेस्ट ड्राइव्हच्या गाडीची पूजा

शार्दूल देवस्थळी गाडी घेणार आहे, ही बातमी व्हाइटफील्डमधल्या त्याच्या सोसायटीत जुनी झाली, विसरली गेली आणि पुन्हा नवी झाली, तरी गाडी काही आली नव्हती. चौदा महिने तो गाडी घेत होता. म्हणजे घेत नव्हता. घेण्याचा विचार अतिशय काटेकोरपणे करत होता. पुण्याहून बंगळुरूला येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत त्याने तीन नोकऱ्या, एक फ्लॅट आणि एक बायको निवडली, पण या सगळ्यांना मिळून एवढा वेळ लागला नव्हता.

प्रश्न शेवटी दोन गाड्यांवर येऊन अडला. दोन्ही एकाच कंपनीच्या. एक छोटी एसयूव्ही, उंच, आखूड, शहरात कुठेही शिरणारी, आणि म्हणूनच सोसायटीत दर तिसऱ्या माणसाकडे असलेली. दुसरी वॅगन, म्हणजे लांबलचक, बुटकी, मागे सपाट पाठ आणि इंजिनची ताकद चारही चाकांना पोचवणारी. चिखल, वाळू, बर्फ, कशातही अडकत नाही असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. घर ते ऑफिस या सहा किलोमीटरांत बर्फ लागत नाही हे शार्दूललाही ठाऊक होतं. पण माणसाने गाडी आजच्या रस्त्यासाठी घ्यायची की उद्याच्या, असा त्याचा मूलभूत मुद्दा होता, आणि तो त्याने लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला पाचव्या मजल्यापर्यंत समजावून सांगितला होता.

सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. सातव्या मजल्यावरचा नागपूरचा शुभंकर वॅगनचा फोटो बघून म्हणाला, "एवढी लांब गाडी कायले पाहिजे बावा? केटरिंगचा धंदा टाकून राहिला काय?" सेक्रेटरी पद्मनाभ टेप घेऊन खाली उतरले आणि त्यांनी शार्दूलची पार्किंगची जागा मोजली. वॅगन वीतभर जास्त भरली. तिची शेपूट पिवळ्या रेषेबाहेर येणार होती. त्यांनी अर्ज करायला सांगितलं. अर्जावर समितीने विचारलं, गाडी आहे का? नाही म्हटल्यावर, नसलेल्या गाडीच्या शेपटीबाबत निर्णय घेता येत नाही असं लेखी कळवण्यात आलं. गाडी घेण्याआधी समितीची परवानगी आवश्यक आहे, हेही त्याच पत्रात खाली होतं.

संपदा, त्याची बायको, दहाव्या महिन्यापासून या विषयावर बोलायची बंद झाली होती. ती बंगळुरूचीच. तिच्या माहेरचे लोक इथे इतक्या पिढ्या आहेत की त्यांच्या घरात वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. शार्दूलला नऊ वर्षांत कन्नडमधले 'स्वल्प', 'सरी' आणि 'बेडा' असे तीन शब्द आले होते, आणि थोडं, ठीक आणि नको यांवर सासरी जावयाचं छान भागतं.

तर त्या रविवारी संपदाच्या आत्याचं, म्हणजे अनुसूया अक्कांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. कार्यक्रम अक्कांचा मुलगा वादिराज याच्या शेतावर, कनकपुरा रोडवरून आत मातीच्या रस्त्याने. संपदा मदतीला आदल्या दिवशीच गेली होती. अक्कांना बसवनगुडीहून घेऊन येणार होते त्यांचे भाऊ, म्हणजे संपदाचे वडील जयतीर्थराव, सगळ्यांचे अप्पा, आपल्या बावीस वर्षांच्या लहान मोटारीतून, स्वतः चालवत. आणि याच गोष्टीची घरात सगळ्यांना धास्ती होती. अप्पांनी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं गिअर कापायचं वर्कशॉप चालवलं होतं. हात अजून तसाच स्थिर होता, डोळे नव्हते. गाडीचा डावा आरसा वर्षात दोनदा गेला. एकदा गाईने मोडला, एकदा कुणीतरी, असं ते सांगत. 'अप्पा, आता गाडी चालवू नका' हे वाक्य चार वर्षं घरात प्रत्येकाच्या ओठांवर होतं, आणि अप्पा समोर आले की प्रत्येक जण हवापाण्याबद्दल बोलायचा.

शार्दूलला वाटलं, आपण अप्पांना आणि अक्कांना वॅगनमधून न्यावं. अप्पांचं गाडी चालवणं टळेल, मातीच्या रस्त्यावर चारही चाकांची परीक्षा होईल, आणि निर्णयही लागेल. इतका सर्वांगसुंदर विचार त्याला चौदा महिन्यांत सुचला नव्हता. त्याने शोरूममधल्या भव्याला फोन केला. भव्या ही तिशीतली, अतिशय सोशिक मुलगी. तिने त्याला आजवर तीनदा एसयूव्ही आणि दोनदा वॅगन चालवायला दिली होती, आणि तो प्रत्येक वेळी 'पुढच्या आठवड्यात सांगतो' म्हणून गेला होता.

"घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून बघायचंय," शार्दूल म्हणाला. "ते हो म्हणाले की झालं."

"सर, आज पक्का?"

"पक्का. फक्त कनकपुरा रोडच्या बाजूला स्वल्प जायचंय."

"तीन बजे दुसरा कस्टमर आहे सर. डॉक्टर आहेत. त्याच्या आधी परत यायला पाहिजे. आणि मला बरोबर यावं लागेल, रूल आहे."

शार्दूल सरी म्हणाला.

गाडीच्या दोन्ही दारांवर लोहचुंबकाने चिकटवलेल्या 'टेस्ट ड्राइव्ह' अशा इंग्रजी पाट्या होत्या. बसवनगुडीत शिरताना शार्दूलने गाडी थांबवली, उतरला आणि त्या दोन्ही पाट्या काढून मागे डिकीत टाकल्या. अक्कांना ती टॅक्सी वाटेल आणि त्या बसणार नाहीत, असं त्याने भव्याला कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण कारण सांगायची घाई का झाली, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भव्या म्हणाली, "सर, ते लावून ठेवायला पाहिजे." तो म्हणाला, "परत लावतोच."

अक्का पायरीवरच उभ्या होत्या. नऊवारी इरकली, नाकात चमकी. त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, त्याला बराच वेळ लागला, आणि म्हणाल्या, "घेतलीत का शेवटी जावईबापू?"

इथे 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मागे अप्पा किल्ली हातात घेऊन उभे होते आणि गाडीकडे बघत होते. शेजारच्या घरातली दोन माणसंही गाडीकडे बघत होती. चौदा महिन्यांत शार्दूलकडे असं कुणी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "बघा ना."

'बघा ना' याचा अर्थ काहीच होत नाही. त्याने नंतर त्या दोन शब्दांची पुष्कळ उलटतपासणी केली. त्यांत खोटं असं सापडत नाही. पण अक्कांनी गाडीवरून हात फिरवून बोटं कानशिलांवर मोडली, आणि मग काही बोलायला जागा उरली नाही. भव्याची ओळख त्याने 'या भव्या' एवढीच करून दिली. तेही खरंच होतं.

वाटेत भव्या मागे अक्कांजवळ बसली आणि दोघींचं कन्नडमध्ये जमलं. शार्दूल रस्ता बघत होता. मधूनमधून 'शार्दूल सर' ऐकू यायचं, मग अक्कांचं 'हो का?' अशा सुरातलं 'हौदा?', मग पुन्हा भव्या. अक्कांचा वेळ बरा जातोय, याचं त्याला समाधान वाटलं. पुढे अप्पा गप्प बसले होते, मान किंचित मागे वळवून.

मातीच्या रस्त्यावर आदल्या दिवशीच्या पावसाचा लाल चिखल होता. वॅगन त्यातून अशी गेली, की शार्दूलला माहितीपत्रक लिहिणाऱ्याला पत्र पाठवावंसं वाटलं. तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा निर्भेळ आनंद. म्हणजे त्या रविवारपुरता. कारण फाटकाशी स्वागताला उभ्या असलेल्या वादिराजच्या सोवळ्यावर गुडघ्यापर्यंत तांबडे शिंतोडे उडाले. वादिराजला त्याचं काहीच वाटलं नाही. तो मागे वळून मांडवाकडे ओरडला, "भावजींनी गाडी घेतली."

चाळीसेक माणसं बाहेर आली. त्यांत संपदाही होती, हातात कोशिंबिरीचं भांडं घेऊन. सगळे त्याच्याकडे बघत होते. अप्पाही बघत होते, आणि त्यांचं बघणं जरा जास्त वेळ चाललं. भव्याने नजर चपलांकडे वळवली.

"आत्ताच आली," शार्दूल म्हणाला.

संपदा जवळ आली. "बुक केलीस?"

"नाही."

ती भांडं घेऊन आत गेली.

मग पूजा निघाली. अक्कांनीच काढली. चारही चाकांना ताकद आहे असं कळल्यावर वादिराजने चार लिंबं आणली. बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक निघालं, ते तेलात कालवलेल्या हळदीचं. झेंडूची माळ आली. अक्कांनी भव्याच्या हातात आरतीचं तबक दिलं आणि तिलाच ओवाळायला लावलं. भव्या बिचारी स्वतःच्या शोरूमच्या गाडीला ओवाळत राहिली. मग अक्का काठी टेकत मागे गेल्या. मागच्या नंबरपाटीवर एक छोटीशी काचेची टिकली होती. कुंकू लावायला सोय म्हणूनच ती केली असावी, अशा विश्वासाने त्यांनी तिच्यावर ठसठशीत बोट टेकवलं. तो मागचं दाखवणारा कॅमेरा होता.

लिंबं चिरडण्यासाठी गाडी आधी जरा मागे घ्या, असं गुरुजी म्हणाले. शार्दूलने मागचा गिअर टाकला. समोरच्या पडद्यावर सगळं लाल. त्याला वाटलं, सूर्य समोरून येत असेल. चाळीस माणसांसमोर उतरून बघणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो अंदाजाने मागे आला, आणि वॅगनची ती वीतभर जास्तीची शेपूट सिमेंटच्या पाण्याच्या टाकीला लागली. आवाज फारसा झाला नाही. 'दृष्ट गेली,' असं कुणीतरी म्हणालं आणि लोक समाधानाने जेवायला वळले. भव्या मात्र तबक तसंच धरून मागच्या बंपरकडे बघत उभी राहिली.

"मी बघतो ते," शार्दूल तिला म्हणाला.

"सर, दोन वाजले."

पण अक्कांनी तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, वाढल्या. जेवताना अक्का तिच्याशी, अप्पांशी आणि वादिराजच्या बायकोशी कन्नडमध्ये बोलत होत्या, आणि मधूनच सगळे शार्दूलकडे बघून प्रेमाने हसत होते. तोही हसत होता.

हात धुतल्यावर अप्पा मांडवात उभे राहिले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. त्यांनी वादिराजला हाक मारली, खिशातून आपल्या मोटारीची किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातावर ठेवली. "शेतावर जाण्यायेण्याला होईल तुला. माझं काय, शार्दूलरावांची गाडी आलीये आता. आजपासून मी चालवत नाही."

 संपदा पदर डोळ्यांना लावून खांबाआड गेली. तिचा भाऊ कार्तिक मैसूरहून आला होता, त्याने शार्दूलला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, "आम्हाला चार वर्षांत जमलं नाही ते तुम्ही एका सकाळी केलंत." शार्दूलला त्याच्या खांद्यावरून गाडी दिसत होती. बॉनेटवरची हळद उन्हात वाळून सोलवटत होती आणि तिच्याबरोबर थोडी चकाकीही गेल्यासारखी वाटत होती.

निघताना डिकीत एकच पाटी सापडली. दुसरी स्वयंपाकाच्या जागी मिळाली, हुळीच्या, म्हणजे तिकडच्या आमटीच्या, गरम पातेल्याखाली, पापडासारखी वाकडी झालेली. कुणी उचलली, कुणी वाचली, हे विचारण्याचं धैर्य त्याला झालं नाही. अप्पा आणि अक्का शेतावरच राहणार होते, संपदाही. त्यामुळे परतीच्या वाटेवर तो आणि भव्या दोघंच. तिने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मग शहरात शिरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. शार्दूलने दोनदा सॉरी म्हटलं. दोन्ही वेळा ती "इट्स ओके सर" म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी ते पहिल्यापेक्षा हळू होतं.

शोरूममध्ये पोचायला पाच वाजले. डॉक्टर साडेतीनपर्यंत थांबून समोरच्या दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये गेले होते. मॅनेजरने गाडीभोवती एक फेरी मारली. स्वस्तिक, झेंडू, बंपर आणि वाकडी पाटी असा तो क्रम होता. तो शार्दूलशी अतिशय आदराने बोलला, त्याच्यासाठी कॉफी मागवली, आणि भव्याला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला. आतलं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. भव्या उभी होती, हात मागे बांधून, शाळेत उभं करतात तशी. तिच्या केसांत अक्कांनी माळलेला मोगऱ्याचा गजरा अजून होता.

शार्दूलने कॉफीचा एक घोट घेतला. मग कप ठेवला आणि दार ढकलून आत गेला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "पाट्या मी काढल्या. या नको म्हणत होत्या. उशीरही मीच केला, टाकीवरही मीच घातली. बंपरचं माझ्याकडून घ्या."

"ते होईल सर," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही कॉफी घ्या ना."

एवढ्या आदराने त्याला आजवर कुणी बाहेर काढलं नव्हतं.

संपदा सोमवारी आली. तिने बॅग ठेवली आणि विचारलं, "अप्पांनी किल्ली कशावर दिली, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"आता तू सांगितलंस तर ते परत मागून घेतील. नाही सांगितलंस तर पुढच्या रविवारी देवळात न्यायला कुठली गाडी आणणार आहेस?"

शार्दूलने गाडीला तीन महिने थांबावं लागेल, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने एखाद्या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला नाही. मंगळवारी रजा टाकून मेट्रोने बसवनगुडीला गेला.

अप्पा ओसरीवर पिशवीच्या बंदांना गाठ मारत बसले होते. शार्दूल उभ्याउभ्याच बोलला, बसला असता तर बोलला नसता. "अप्पा, ती गाडी माझी नव्हती. शोरूमची होती. भव्या तिथली विक्रेती. मी तुमच्याशी खोटं बोललो."

"बसा," अप्पा म्हणाले. "ते आम्हाला माहीत होतं."

शार्दूल बसला.

"त्या मुलीने अक्काला वाटेत बनशंकरी यायच्या आतच सांगितलं की. भीत होती हो, उशीर झाला तर नोकरी जाईल म्हणून. अक्का म्हणाली, चार माणसांत जावयाची मान खाली नको. गाडी कुणाची का असेना, पूजा करू, त्या पोरीचं तरी भलं होऊ दे. पाटी मीच अक्काला आणून दाखवली, तर तिने तिच्यावर पातेलं ठेवून दिलं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना नाही. लहान मुलांना नव्हतं."

शार्दूलचे कान तापले. पंगतीतलं ते प्रेमळ हसणं त्याला एकेका चेहऱ्यासकट आठवायला लागलं. कार्तिकच्या मिठीपाशी तो थांबला. त्यापुढे आठवणं शक्य नव्हतं. त्याने विचारलं, "मग तुम्ही किल्ली का दिलीत?"

अप्पांनी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. "किल्ली खरीच दिली," ते म्हणाले. "जूनमध्ये आश्रमाच्या चौकात एक फुलवाली सायकल ढकलत चालली होती. मला दिसली नाही. आरसा तिच्या टोपलीला लागून मोडला, त्या आवाजाने मी ब्रेक दाबला. बाईला काही झालं नाही, पण सगळी फुलं रस्त्यावर. मी ती वेचून दिली. घरी सांगितलं, गाय." त्यांनी पिशवीचे बंद ताणून पाहिले. "दोन वर्षं झाली, मला समोरच्या बसचा नंबर वाचता येत नाही. हे मुलांना सांगायचं कसं? परवा सगळे तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, हीच वेळ आहे. तुमच्या गडबडीत माझं सरकवून टाकलं. संपदाला यातलं काही बोलू नका."

"नाही बोलणार."

"आणि गाडी घ्यायचीच तर ती उंच घ्या. त्या लांब गाडीतून उठायला मला त्या मुलीचा हात धरावा लागला."

शार्दूलने तिथूनच भव्याला फोन केला. तिने 'हॅलो सर' म्हटलं, त्यात उत्साह नव्हता. तो म्हणाला, "छोटी एसयूव्ही. कुठलाही रंग." पलीकडे कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. "सर, फॉर्म पाठवते," भव्या म्हणाली. "पाच मिनिटांत भरून पाठवा. प्लीज, आज." त्याने चार मिनिटांत पाठवला.

अप्पांना चिकपेटला जायचं होतं, कडी-कोयंड्याचे स्क्रू आणायला. शार्दूल त्यांच्याबरोबर गांधी बाजारच्या थांब्यापर्यंत चालत गेला. थांब्यावर पाचसहा माणसं होती. एक बस आली, थांबली, गेली. अप्पा तिच्याकडे अशा तोंडाने बघत राहिले, जणू ती त्यांना नकोच होती. दुसरी वळणावरून येताना दिसली.

"छत्तीस," शार्दूल म्हणाला, रस्त्याकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असं.

"दिसतंय मला," अप्पा म्हणाले.

बस जवळ आली. अप्पांनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने शार्दूलचं मनगट धरलं. "मागची कुठली आहे?" त्यांनी विचारलं.